ऐंशी टक्के

"ऐंशी टक्के तरी निघायला हवेत," जावई म्हणाला. "चाळीस निघाले तर सूट निम्मीच."

तो पलंगाशी खुर्ची ओढून बसला होता आणि शालीखालच्या अप्पांच्या पायांकडे, बाजारात भोपळा निवडावा तसा बघत होता. अप्पांना शिसारी आली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

गेला आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. जावयाच्या ऑफिसात कुणी तज्ज्ञ येऊन नोकरदारांना करसवलती समजावून गेला होता, तेव्हापासून हे जावईबापू हवेत होते. घरात अपंग माणूस सांभाळत असाल तर पगारातून कापल्या जाणाऱ्या करात सूट मिळते, आणि अपंगत्व ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं की ती जवळजवळ दुप्पट होते. चार वर्षांत ज्याने सासऱ्याला बरं आहे का म्हणून विचारलं नव्हतं, तो आता रोज संध्याकाळी पायांची चौकशी करू लागला. थुंकी लावून सवलतींच्या पुस्तिकेची पानं उलटायचा आणि त्याच ओल्या बोटाने अप्पांची पोटरी टोचायचा.

"कळतंय का काही?"

"नाही," अप्पा म्हणायचे, आणि त्याची कळी खुलायची.

चार वर्षांपूर्वी कारखान्यात शिडीवरून पडले, त्या दिवशी त्यांचं कमरेखालचं काहीच हलेना. कारखान्याने मुदतीआधी निवृत्त करून अपंगत्वाचं पेन्शन लावून दिलं आणि लेकीने त्यांना स्वतःच्या घरी आणलं. तेव्हापासून त्यांना उठवणं-बसवणं, अंग पुसणं, भांडं देणं, सगळं तिच्याच अंगावर होतं. अप्पांचं वजन काही कमी नव्हतं. तिची कंबर पार कामातून गेली होती. वाकताना कळ आली की ती खोकल्याचं सोंग करायची. अप्पांच्या ते लक्षात यायचं.

पलंगाखाली त्यांच्या चपला अजून होत्या. लेकीला त्या टाकवत नव्हत्या.

ती एका औषध कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर होती. आधी रजा संपल्या, मग बिनपगारी रजाही संपत आल्या. आता कंपनीने सांगितलं होतं की सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. दहा वर्षांची नोकरी पुरी झाली की तिला स्वतःचं पेन्शन लागू होणार होतं आणि त्याला काही महिनेच कमी पडत होते. त्या पेन्शनविषयी ती फारसं बोलत नसे, पण बोलली की तिचा चेहरा उजळायचा.

"थोडक्यासाठी जाईल हो सगळं," ती नवऱ्याला म्हणाली. "दिवसा अप्पांजवळ एखादी बाई ठेवू या."

"बाई ठेवली तर सूट तिच्याच घशात जाणार. मग मिळवलं काय?" जावई म्हणाला. "तुझं पेन्शन म्हातारपणी. सूट याच वर्षी."

बायकोचं म्हातारपण मोडीत काढायला निघाला होता आणि वर हिशेब समजावत होता. अप्पांना त्याची चीड आली. आपणच पसंत केला होता हा नग, हे आठवून तर जास्तच.

लेक त्यांच्याकडे वळली. "तुम्ही सांगा अप्पा. मी काय करू?"

अप्पांनी पायांवरची शाल नीट ओढून घेतली.

"मी काय सांगणार बाळ," ते म्हणाले. "मी पडलो परस्वाधीन."

तिने मान खाली घातली. मग नवऱ्याला चहाबरोबर द्यायला स्टुलावर चढून तिने कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला. अप्पांना साखरेचा त्रास, म्हणून तो डबा तिथे वर असायचा. झाकण उघडून बघितलं तर बिस्किटं पुन्हा कमी झालेली. नवऱ्याला विचारलं. त्याने आईची शपथ घेतली. तिचा विश्वास बसला नाही. अप्पांनी नुसता कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी डॉक्टर घरी आला, अर्थात जावयाच्या ओळखीतला. त्याने चहाचे फुरके मारत दोन प्रश्न विचारले, शालीवरूनच गुडघ्यावर पेन आपटलं आणि दाखला लिहायला घेतला. पाय उघडून बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. अप्पांनी डोळे मिटून घेतले. असल्या माणसाच्या सहीवर सरकार विश्वास ठेवतं, याची त्यांना किळस आली.

"नव्वद लिहितो," डॉक्टर म्हणाला. जावयाने हात चोळले.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत जाऊन तिने साहेबांना फोन केला. नोकरी सोडतेय, वडिलांचं करायला दुसरं कोणी नाही, असं सांगताना तिचा आवाज सरळ होता. फोन ठेवल्यावर मात्र नळ उगीचच बराच वेळ वाहत राहिला.

सोमवारी दोघं राजीनामा द्यायला निघाली. जावई तिथूनच दाखला घेऊन ऑफिसला जाणार होता. स्वारी शीळ घालत होती. निघण्यापूर्वी लेकीने अप्पांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, पाण्याचा पेला हाताशी ठेवला. वाकताना ती खोकली.

"दुपारपर्यंत येते. तोवर काही लागलं तर?"

"मला काय लागणार आहे?" अप्पा म्हणाले. "जा तू. जपून जा."

दाराला कुलूप लागलं. जिन्यावरून पावलं उतरत गेली. जावयाची शीळ रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. दुसऱ्याच्या जिवावर जगताना माणसाला लाज कशी वाटत नाही, याचं अप्पांना राहून राहून नवल वाटलं.

शीळ पुरती ऐकू येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी शाल बाजूला सारली, पाय चपलांत सरकवले, कपाटापाशी चालत गेले आणि टाचा उंचावून डबा खाली काढला.