वाक्यात उपयोग

भाचीच्या लग्नात सरांनी स्वतःहून माइक मागून घेतला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला, थेट बायकोच्या, मंदाकिनीच्या नावाचा. टाळ्या पडल्या, पण तिला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. जन्मभर इंग्रजीच्या वर्गात 'अव्हाव (avow) म्हणजे उघडपणे कबूल करणे' असं शिकवणारा हा माणूस घरात 'अगं, ऐकलंस का'च्या पुढे कधी गेला नव्हता.

"काय हो, काय लपवताय?" घरी येताच तिने विचारलं. सर हसत टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

तिने त्यांच्या कोटाचा खिसा तपासला. आत एक कार्ड निघालं. असल्या कार्डांवरूनच ते मुलांकडून इंग्रजी शब्द पाठ करून घेत.

शब्द: मंदाकिनी. अर्थ: माझी बायको. वाक्यात उपयोग: तोच उखाणा.

खाली तांबड्या शाईत: विसर पडू लागलाय, रोज सकाळी वाचणे.