तळ्यावरचं घर

थोरल्या भावाच्या पत्राला दिगंबररावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. 'बुजवलेल्या तळ्यावर घर? पुस्तकं वाचणाऱ्याचं हे काम नव्हे. खचेल!' त्यांना स्वतःलाही तीच धास्ती होती.

तरी मुरमाचा भराव ठोकून त्यांनी तो बांधकामाआधी अख्खा पावसाळा बसू दिला. "पंत, जमीन मुरवताय की लोणचं?" लोक हसायचे. ते मान खाली घालायचे, पण घाई करत नसत.

यंदाच्या धुवाधार पावसानंतर पत्नीनं नव्या घरात पाण्यानं भरलेली परात ठेवली. पाणी चारी बाजूंनी काठाला सारखं टेकलं. "अहो, फरशी तसूभर कललेली नाही. आता तरी लिहा!"

'दादा, वास्तुशांतीला ये. तुझं पान तळ्याच्या मधोमध मांडतो.' पुन्हा वाचलं तर खोडावंसं वाटेल, म्हणून न वाचताच त्यांनी कार्ड टपालपेटीत टाकलं.