थर्मामीटरची दोरी

अगं, ऐक तर! डबा द्यायला वीजकेंद्रात गेले, तर माझा ऑपरेटर नवरा फोनवर लाडाने विचारतोय, “गारठलीस का गं?” आणि मला हातानेच गप्प बसवलं! अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या शेजारचा ऑपरेटर म्हणाला, “मासेवाली मॅडम आहे, माशांचा अभ्यास करते, मागे नदीवर.” तडक गेले. ती काठावर कुडकुडत बसलेली, कानाला फोन, हातात पाण्यात सोडलेल्या थर्मामीटरची दोरी. “काय चाललंय तुमचं नि माझ्या नवऱ्याचं?” “वहिनी, दुरुस्तीसाठी केंद्र बंद होतंय. थंडीत मासे केंद्रातून नदीत येणाऱ्या गरम पाण्यात जमतात. झटक्यात बंद केलं, तर पाणी गार पडून सगळे मरतील. मी तापमान सांगते, दादा हळूहळू बंद करतात.” वाकून पाहिलं, खरंच मासेच मासे! पण तिला सोडते होय? फोन घेतला, दोरीही घेतली. “तुम्ही जा उन्हात.” फोनवर म्हटलं, “एकवीस.” पलीकडून, “अगं, तू?” “अरे, ऐकतोयस ना? इथे मासे खोळंबलेत!”