रविवारचा मासा

चर्चच्या कॅलेंडरसाठी मालाकीने आपल्या नव्या कॅमेऱ्यातला फोटो दिला. किनाऱ्यावर तो उभा आणि हातात मांडीएवढा जाड मासा. छापण्याआधी मी कॉम्प्युटरवर फोटोची तारीख पाहिली आणि गुपचूप पाद्रीसाहेबांना माझ्या फोटो स्टुडिओत बोलावलं. रविवार, सकाळी दहा. रविवारी गळ टाकणाऱ्याला आमच्याकडे चर्चचा कारभारी म्हणून ठेवत नाहीत, आणि मालाकी तर थोरला कारभारी.

"फेतू, चुगली करायच्या आधी मला विचारायचंस तरी," साहेबांनी बोलावून घेतलेला मालाकी आल्या आल्या मला म्हणाला. मग साहेबांकडे वळला. "हा फोटो मेहुण्याकडचा, पलीकडच्या बेटावरच्या पागोपागोचा. कॅमेऱ्याचं घड्याळ आपल्या आपियाचं. मधून तारीखरेषा जाते, म्हणून तिकडची तारीख आपल्यापेक्षा एक दिवस मागे असते, म्हणजे तिकडं शनिवार होता. रविवारी आपला माणूस कुठंही असो, पांढरे कपडे घालून चर्चलाच जाणार."

हिशेब बरोबर होता. मी ओशाळले. साहेबही जायला उठले.

"कॅमेरा मात्र झकास आहे हं," मालाकी खुलून म्हणाला. "फोटो कितीही मोठा करा, माशाचे खवले मोजता येतात."

"बघू तर," म्हणत साहेब पुन्हा बसले. मी फोटो मोठा करत गेले. खवले खरंच मोजता आले असते. पण साहेबांनी माशावरचं बोट सरकवत मागच्या रस्त्यावर नेलं. मी रस्ता मोठा केला.

साहेब मालाकीकडे वळले.

"मालाकी, शनिवारी सकाळी सगळं गाव पांढरे कपडे घालून कुठं निघालं होतं रे?"