पुढे गेलेलं व्याख्यान

गावाच्या इतिहास मंडळाच्या फळ्यावर आगामी कार्यक्रम एकच होता: ‘आपल्या जुन्या विहिरी’, आणि खाली चिटणीसांच्या बायकोचं नाव. मंडळाचा रिवाज असा, की व्याख्यान पुढे गेलं तर फक्त तारीख बदलायची, नाव पुसायचं नाही. चिटणीसांनी अकराव्यांदा तारीख पुसली, तसे खजिनदार वैतागले. “अहो, किती दिवस स्वतःला फसवणार? वहिनींना आता घरचा रस्ता आठवत नाही, विहिरी कुठून आठवणार? पुसून टाका नाव.” चिटणीसांनी पुढच्या महिन्याची तारीख ठसठशीत लिहिली. पहिल्या रांगेत बसलेली बायको उठून फळ्यापाशी आली. एकेक अक्षरावर बोट ठेवत तिनं स्वतःचं नाव वाचलं आणि परक्याशी बोलावं तसं अदबीनं नवऱ्याला विचारलं, “या बाई छान बोलतात म्हणे. मला जागा ठेवाल ना?” “पहिल्या रांगेतली तुमचीच,” चिटणीस म्हणाले.