बगळीची चोच

फोमची बगळी, चोच पिवळ्या प्लास्टिकची. गरम पाण्याचा थर्मास. कुडव्यातल्या हॉलबाहेर कपड्यांच्या सेलचा बॅनर. चिखल. एक दणदणीत ‘हुं’.

“थांबव,” दिग्दर्शक प्रफुल साउंडवाल्याला म्हणाला.

स्टुडिओतल्या पडद्यावर बगळी थांबली. चोच सताड उघडी, आवाज मात्र नाही. नागपूरच्या गायिकेनं हेडफोन काढला आणि थर्मासमधलं पाणी घेतलं. ती सुरेल गात होती. ओळ संपली की गुपचूप श्वास घेत होती, आणि नेमकी तिथंच बगळी मान ताणून आ वासत होती.

मागच्या बाकावर अल्का आईशेजारी बसली होती. बगळीतला हात तिचाच. दिवाळीला घरादारानं मिळून बघायचा बाहुल्यांचा कार्यक्रम होता. धानाच्या बांधीतली, म्हणजे भातखाचरातली बगळी, बेडूक आणि म्हैस. गाणी रोवणीची, भातलावणीची, साथीला बेंजो आणि ढोलकी. त्याच गाण्यांचा अल्बम निघायचा होता. शूटिंगला अल्काची आई, मनकर्णाबाई, सेटमागून गायली आणि टीव्हीवर आपला आवाज येणार म्हणून आपल्या गावी, नागऱ्यात, घरोघरी सांगून आली. मग प्रफुलनं कळवलं, तो आवाज बाहुल्या हलवण्यापुरता होता. टीव्हीवर आणि अल्बमात नागपूरची गायिका.

“अल्का, ओळ संपल्यावर चोच कायले उघडली?”

“माय तिथं हुं करते ना, भाऊ.”

“हुं काऊन?”

मनकर्णाबाईच बोलली. “रोवणीत वाकून गाना म्हनतो आमी. ओळ झाली का चिखलातून पाय उपसून मांगं सरका लागते. तवा निंगते हुं. तुमी बांधीत उतरा, तुमचाबी निंगन.”

गायिका हसली. तिनं हुं करून पाहिला. पहिला थंडी वाजल्यासारखा आला, दुसरा जिना चढून दमल्यासारखा. तिसऱ्याला तिनंच हात जोडले. “प्रफुलजी, हे माझ्याच्यानं होणार नाही.”

प्रफुल पडद्याकडे बघत राहिला. नव्यानं शूट करायचं तर सेट मोडला होता. शूटिंग झालं त्या कुडव्यातल्या हॉलमध्ये आता कपड्यांचा सेल लागला होता. कार्यक्रम रविवारी, दिवाळीलाच होता.

“मावशीचाच आवाज लाव यार,” तो साउंडवाल्याला म्हणाला.

बेंजो वाजला. मनकर्णाबाईचा खरखरीत आवाज खोलीभर झाला. ओळ संपली, बगळीनं मान ताणली, चोच उघडली. हुं. साउंडवाला खुर्चीत मागं रेलून हसला. पुढच्या हुंला गायिकेनं टाळी वाजवली.

“अल्बमातबी हाच ठेवा लागते,” प्रफुल म्हणाला. “पोट्टे टीव्हीवर हुं आयकतील, मंग अल्बमात नाई भेटला तं मलेच शिव्या देतील. नशीब काढलं मावशी तुमी.”

“नशीब कायचं? गळा हाय,” मनकर्णाबाई म्हणाली. मग लेकीच्या कानाशी वाकली. “काऊन वं, तालमीत तं तू हुंच्या वक्ताले चोच बंद ठेवत होती.”

“तवा हात दुखत होता, माय.”

नागपूरच्या गायिकेची तारीख प्रफुल फोनवर पक्की करत होता, ते अल्कानं शूटिंगच्या आदल्या दिवशी ऐकलं होतं.