ढेमशीची गाठ

“बाबा, इकडं या न. हिच्या पोटाले काही तरी आलं.”

इला फरशीवर मांडी घालून बसली होती. मांडीत मांजरीचं पिल्लू उताणं पडलेलं. सुमीत चहाचा कप ठेवून तिच्याजवळ बसला. पिल्लाच्या पोटावर, बेंबीच्या जागी, वाटाण्याएवढी मऊ गाठ होती. मागच्या रविवारी होती की नव्हती, त्याला सांगता येईना. पिल्लू त्याच्या घरी असलं तरी त्याला उताणं करून खेळवायची ती इलाच. पोट भाजीच्या ढेमसासारखं गोल म्हणून ढेमशी हे नावही तिनंच ठेवलेलं.

“मरते का ही?”

“नाई वं. डॉक्टरले दाखवू न.”

भाजीच्या पिशवीत टॉवेल घालून दोघं ढेमशीला सेवाग्राम रोडवरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी गाठ बोटानं अलगद दाबली. ती आत गेली. पिल्लू ओरडलं तशी पुन्हा बाहेर आली.

“बेंबीचा हर्निया आहे,” बाई म्हणाल्या. “जन्मताना इथली फट पूर्ण मिटली नाही. पिल्लू वाढलं की बहुतेक मिटून जाईल. रोज पाहत राहा. गाठ कडक झाली, आत जाईना किंवा हिनं खाणं सोडलं, तर लगेच आणा.”

घरी आल्यावर इलानं ढेमशीला टॉवेलातून बाहेर काढलं. मग म्हणाली, “रोज कोण पाहीन?”

“मी पाहीन न.”

“तुम्हाले जमते?”

तिनं त्याचं बोट धरलं आणि गाठीवर ठेवलं. “हळू. असं. आता सोडा.” आपलं बोट तिच्या मुठीत तसंच राहावं असं त्याला वाटलं. पण तिनं ते सोडलं आणि ती हात धुवायला गेली.

संध्याकाळी फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मोहिनी तिला घ्यायला आली होती. घटस्फोट झाल्यापासून इला आईबरोबर आजोळी राहत होती. सिंदी मेघेतल्या या दोन खोल्यांत ती फक्त रविवारी यायची. मधल्या दिवसांत सुमीत फोन करायचा. मोहिनी कधीच नाही म्हणायची नाही, लगेच फोन इलाच्या हातात द्यायची. पण फोनवर इला “हाव”, “नाई”, “जेवली” एवढंच बोलायची, आणि पुढं काय विचारावं हे त्याला सुचायचं नाही. हळूहळू फोन कमी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मात्र तिचाच फोन आला.

“बाबा, गेली का आत?”

“गेली.”

“कडक तं नाई न? जेवली का ते?”

तेव्हापासून रोज फोन येऊ लागला. आधी गाठीची चौकशी व्हायची. मग बोलणं भलतीकडेच जायचं. दात हलून राह्यला. गणिताच्या बाई दुसऱ्या आल्या. बाकावरची मैत्रीण बोलत नाई, काऊन बोलत नाई ते सांगतही नाई. सुमीत ऑफिसातून थेट घरी यायचा, हातपाय धुऊन ढेमशीला मांडीवर घेऊन बसायचा आणि फोनची वाट पाहायचा. चहासुद्धा फोन झाल्यावर.

एका संध्याकाळी त्याच्या बोटाला काहीच लागलं नाही. त्यानं ढेमशीला ट्यूबलाइटखाली नेलं. केस बाजूला करून पाहिलं. पोट सपाट होतं. ढेमशी त्याच्या अंगठ्याला चावत होती, मजेत होती. तो तिला तसाच धरून उभा राहिला. चांगली गोष्ट झाली होती, आणि त्याचं लक्ष फोनकडे गेलं.

फोन वाजला.

“बाबा, गेली का आत?”

सुमीतनं पोटाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

“अजून आहे,” तो म्हणाला. “थोडी.”

“दाबून पाह्यली का?”

“हाव. आत जाते. परत येते.”

“बरं. उद्या पाह्यजा.” मग ती मैत्रीण आज बोलली हे ती सांगू लागली. सुमीत हूं हूं करत राहिला. पोरीला आपण फसवलं, हे त्याला जेवतानाही आठवत होतं. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तो “थोडी आहे” असंच म्हणाला.

रविवारी इला आली ती चपला काढून सरळ ढेमशीकडे गेली. सुमीत ओट्याशी पोहे भिजवत होता. तिथून त्याला सगळं दिसत होतं. इलानं पिल्लू उताणं केलं. तिचं बोट बेंबीवर गेलं, इकडेतिकडे फिरलं, थांबलं. पुन्हा एकदा फिरलं.

“इला,” तो म्हणाला.

“शेंगदाणे जास्त टाकजा,” ती म्हणाली, आणि ढेमशीचं पोट गुदगुल्या करत हलवू लागली.

दिवसभर गाठीचं नाव निघालं नाही. ती जेवली, त्याच्या मोबाइलवर ढेमशीचे फोटो काढत बसली, दुपारी ढेमशीला पोटाशी घेऊन झोपली. सुमीत जवळ बसून राहिला. विचारायचं त्याच्या जिवावर आलं.

संध्याकाळी हॉर्न वाजला. तो ढेमशीला हातावर घेऊन फाटकापर्यंत पोचवायला गेला. मोहिनीनं तोंडाला ओढणी बांधली होती. गाडीवरून न उतरता तिनं विचारलं, “इला, ते गाठ मिटली का हिची?”

इला गाडीवर मागं बसली. तिनं बापाकडे पाहिलं नाही.

“नाई न, आई. अजून आहे. बाबाले रोज विचारा लागते.”

ढेमशी सुमीतच्या हातावर पोट वर करून पडली होती. मोहिनीचे ओढणीतून डोळे तेवढे दिसत होते. ते ढेमशीच्या पोटावर थोडा वेळ थांबले, मग सुमीतकडे वळले.

“विचारजो मंग,” ती म्हणाली, आणि तिनं गाडी सुरू केली.